टॅली अपग्रेड करण्याआधी: परतीची वाट मोकळी ठेवणारा बॅकअप

‘बॅकअप आहे ना, पेनड्राइव्हला घेऊन ठेवलाय.’ टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायला बसलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पेनड्राइव्ह कुठे आहे विचारलं की ड्रॉवर उघडले जातात. तो सापडला तर त्यात मार्चमधली एक फाइल निघते, आणि ती कुठल्या कंपनीची, कुठल्या तारखेपर्यंतची, हे कोणालाच धड सांगता येत नाही. एरवी हे खपून जातं, कारण रोजच्या कामात बॅकअपची गरज क्वचितच पडते. अपग्रेडच्या दिवशी मात्र आपण स्वतःच्या हाताने सगळ्या डेटाची रचना बदलायला निघालेलो असतो.

हा लेख टॅली वापरणारे दुकानदार, छोटे कारखानदार, कर सल्लागारांच्या ऑफिसातले अकाउंटंट यांच्यासाठी आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी क्रम हाच राहतो. फरक कुठे पडतो ते शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे. वाचताना प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न मनात ठेवा: या क्षणी काही बिघडलं तर कालच्या जागी परत जाता येईल का?

अपग्रेडमध्ये नेमकं बदलतं काय

दोन गोष्टी बदलतात आणि त्या वेगळ्या आहेत. एक म्हणजे प्रोग्राम. तो काढून पुन्हा टाकता येतो, त्याची चिंता नको. दुसरी म्हणजे डेटा. टॅली.ईआरपी ९ वरून टॅलीप्राइमवर येताना, किंवा टॅलीप्राइमच्या ३.० च्या आधीच्या आवृत्तीवरून वर जाताना, प्रत्येक कंपनीचं मायग्रेशन होतं, म्हणजे तिचा डेटा नव्या मांडणीत नेला जातो. २०२३ साली आलेल्या ३.० मध्ये एकाच कंपनीत अनेक जीएसटी नोंदणी क्रमांक ठेवण्याची सोय झाली, जीएसटीचे अहवाल नव्याने बांधले गेले आणि त्यासाठी डेटाची मांडणीही बदलली. मायग्रेट झालेली कंपनी जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे प्रोग्राम कितीही वेळा मागे नेला तरी डेटा मागे येत नाही. मागे येण्याचा एकमेव मार्ग म्हणजे मायग्रेशनच्या आधी घेतलेला बॅकअप.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये मायग्रेशन लागतं की नाही, हे त्या त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं असतं. त्या वाचायला दहा मिनिटं लागतात आणि कुणीही वाचत नाही. तुम्ही वाचा.

आणखी एक तपासणी बॅकअपच्याही आधीची: तुमच्या टीएसएसची, म्हणजे वार्षिक वर्गणीची मुदत. टॅलीप्राइममध्ये (इथे दिलेल्या सगळ्या कळा तिच्याच आहेत) एफ१ दाबून ‘अबाउट’मध्ये गेलं की आत्ताची आवृत्ती, लायसन्सचा सिरियल नंबर आणि टीएसएस कधीपर्यंत आहे, हे दिसतं. मुदत संपलेली असताना नवी आवृत्ती टाकली तर ती एज्युकेशनल मोडमध्ये सुरू होऊ शकते. मग महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख सोडून कुठल्याच तारखेची नोंद करता येत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि बिल निघत नाही, हा प्रसंग डेटा शाबूत असतानाही येतो. सिरियल नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि लायसन्स कुठल्या ईमेलवर नोंदलेलं आहे तेही पाहा. अनेक ठिकाणी तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो.

दिवस कोणता निवडायचा

पाडव्याच्या मुहूर्तावर नवी आवृत्ती टाकायची हौस पुष्कळांना असते. वहीपूजनाची परंपरा म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण दिवाळीतला पाडवा म्हणजे विक्रीची गर्दी आणि सपोर्टवाल्याची सुट्टी. एप्रिलची पहिली तारीखही टाळा. त्या दिवशी बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात आणि गोंधळ झाला तर तो अपग्रेडमुळे की नव्या वर्षामुळे, हेच कळत नाही.

मासिक रिटर्न भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी असतं. म्हणून २१ ते महिनाअखेर हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. त्यातही तुमच्या गावच्या बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बॅकअप घ्या आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी अपग्रेड करा. मधली रात्र उगाच ठेवलेली नाही. बॅकअप उघडून बघायला, आकडे जुळवायला ती लागते. इन्व्हर्टर किंवा यूपीएसची बॅटरी नीट आहे ना, हेही त्याच संध्याकाळी बघून घ्या. फाइल लिहिली जात असताना वीज जाणं ही डेटा बिघडण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दिसणारी वाट आहे.

डेटा कुठे कुठे आहे, ते आधी शोधा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

टॅलीचा डेटा नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हवर, यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये टॅलीच्या नावाच्या फोल्डरात असतो. पण ज्याने कॉम्प्युटर बसवून दिला त्याने बहुधा तो डी ड्राइव्हवर नेलेला असतो. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पाथ दिसतो आणि प्रत्येक कंपनीच्या नावाशेजारी तिचा पाच किंवा सहा आकडी क्रमांकही. डिस्कवर त्याच क्रमांकाचा फोल्डर असतो. १०००० म्हणजे तुमची चालू कंपनी, १०००१ म्हणजे कदाचित वडिलांच्या नावाची जुनी फर्म, १०००२ म्हणजे तीन वर्षांपूर्वी डेटा स्प्लिट केला तेव्हाचा मागचा तुकडा.

मग डी ड्राइव्ह उघडा. ‘टॅली’, ‘टॅली नवीन’, ‘टॅली नवीन २’, ‘टॅली बॅकअप जुना’ असे फोल्डर दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. प्रत्येकात शिरून फाइलींची शेवटची बदललेली तारीख पाहा. ज्यात आजची तारीख आहे तो चालू डेटा. बाकीचे पुसायचा मोह आज आवरा. त्यांना हात न लावता नुसती नोंद करा.

टॅलीचा स्वतःचा बॅकअप फक्त कंपनीचा डेटा उचलतो. पुढच्या गोष्टी त्यात येत नाहीत आणि त्या वेगळ्या जपाव्या लागतात:

– प्रोग्रामच्या फोल्डरातली टॅली.आयएनआय ही फाइल. डेटाचा पाथ, पोर्ट, कुठली टीडीएल (टॅलीला जोडलेली खास बनवून घेतलेली सोय) चालू आहे, हे सगळं तिच्यात असतं. नोटपॅडमध्ये उघडते.
– टीडीएल आणि टीसीपी फाइली. बिलाचा खास नमुना, वजनकाट्याची जोडणी, मराठीतून नाव छापणं, ट्रान्सपोर्टची जादा माहिती, असं जे जे कोणी पैसे घेऊन बनवून दिलं आहे ते यात आहे. एफ१ मधल्या ‘टीडीएल अँड ॲड-ऑन’मध्ये कुठल्या फाइली चालू आहेत ते दिसतं. त्या प्रत्यक्ष डिस्कवर कुठे आहेत, ते शोधून त्यांची प्रत घ्या.
– बिलावर छापला जाणारा लोगो आणि सहीचं चित्र.
– चालू आवृत्तीची सेटअप फाइल. जुना बॅकअप आहे आणि तो उघडणारी जुनी टॅली नाही, असं झालं तर बॅकअपचा उपयोग नाही.

बनवून घेतलेल्या टीडीएलबद्दल थोडं अधिक. त्या जुन्या आवृत्तीच्या पडद्यांवर बेतलेल्या असतात. नव्या आवृत्तीत त्या चालतीलच असं नाही. ज्याने बनवली त्याला आधी फोन करून विचारा. तो हयातभर फोन उचलत नसेल तर अपग्रेड पुढे ढकलणं हाही एक शहाणा निर्णय असतो. नव्या आवृत्तीवाचून व्यवसाय अडत नाही, बिलाचा नमुना बंद पडला तर अडतो.

टॅलीव्हॉल्ट लावलेलं असेल तर त्याचा पासवर्ड आत्ता टाकून बघा. व्हॉल्टमुळे डेटा कूटबद्ध होतो आणि बॅकअपही तसाच कूटबद्ध राहतो. पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारी सोय नाही. ‘शेठना माहीत आहे’ हे उत्तर असेल तर शेठना बोलवा.

आकडे टिपून ठेवा

बॅकअप बरोबर आहे हे ठरवायचं कशावरून? फाइल बनली, टॅलीने संदेश दाखवला, एवढ्यावरून कळत नाही. तुलना करायला आधीचे आकडे हवेत.

ऑल्ट आणि जी दाबून ‘स्टॅटिस्टिक्स’ टाइप करा. हा अहवाल फारसा कुणी पाहत नाही, पण या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. कुठल्या प्रकारची किती व्हाउचर, किती लेजर, किती स्टॉक आयटम, सगळी मोजणी एका पानावर मिळते. काळ म्हणून पूर्ण आर्थिक वर्ष धरा आणि पीडीएफ काढा. त्यानंतर ट्रायल बॅलन्स, ताळेबंद, नफा-तोटा, स्टॉक समरी, येणे-देण्याची बिलवार यादी. बॅंकेचा आणि रोखीचा शिल्लक आकडा कागदावर हातानेही लिहा. पहिल्या नजरेला तोच उपयोगी पडतो.

जीएसटी असेल तर चालू वर्षातल्या प्रत्येक महिन्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी जसं आज टॅलीत दिसतं तसं पीडीएफ करून ठेवा. ३.० पासून हे अहवाल वेगळ्या पद्धतीने बनतात. जुन्या व्हाउचरमध्ये काही माहिती अपुरी असेल तर मायग्रेशननंतर ती ‘अनसर्टन’ या मथळ्याखाली जाऊन बसते आणि महिन्याची बेरीज बदललेली दिसते. अशा वेळी बिल हरवलेलं नसतं, पण जुनी पीडीएफ हाताशी नसेल तर ते सिद्ध करायला अर्धा दिवस जातो.

जमल्यास लेजर आणि व्हाउचर एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. ही शेवटची काठी. कुठलीही आवृत्ती नसताना साध्या मजकुराच्या रूपात माहिती वाचता येते, एवढंच तिचं काम.

प्रत्यक्ष बॅकअप

आधी सगळ्यांना बाहेर काढा. एकाच कॉम्प्युटरवर काम असेल तर सोपं आहे. गोल्ड लायसन्सवर चारपाच जण जोडलेले असतील तर प्रत्येकाला टॅली पूर्ण बंद करायला सांगा. पडदा लहान करून चहाला गेलेला माणूस बाहेर पडलेला नसतो. ज्या कॉम्प्युटरवर डेटा आहे तिथे विंडोजच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ असं सदर आहे. डेटा फोल्डरातली एकही फाइल तिथे दिसत नाही ना, याची खात्री करा.

आता दोन वेगळ्या पद्धतींनी बॅकअप घ्या. दोन्ही घ्यायच्या, कारण दोन्हींच्या खोडी वेगळ्या आहेत.

पहिली टॅलीची स्वतःची. ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात ‘बॅकअप’. कुठे ठेवायचा तो पाथ द्या, कंपन्या निवडा आणि चालू करा. इथे जुनी खोड अशी की टॅली.ईआरपी ९ मध्ये बॅकअपची फाइल दर वेळी टीबीके९००.००१ याच नावाने बनते. त्याच फोल्डरात पुन्हा बॅकअप घेतला तर नवी फाइल जुनीच्या जागी येऊन बसते. वर्षभर रोज बॅकअप घेणाऱ्याकडेही त्यामुळे प्रत्यक्षात एकच, कालचा बॅकअप असतो. म्हणून दर वेळी नवा फोल्डर करा आणि त्याच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फोल्डर आपोआप ओळीने लागतात. नावात ‘फायनल’ हा शब्द नको. पुढच्या महिन्यात ‘फायनल नवीन’ तयार होतो.

दुसरी पद्धत साध्या नकलेची. टॅली बंद असतानाच संपूर्ण डेटा फोल्डर उचला आणि दुसरीकडे कॉपी करा. मग मूळ आणि नक्कल, दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार तंतोतंत सारखा हवा. एका फाइलचाही फरक असेल तर कॉपी पुन्हा करा. या पद्धतीचा फायदा असा की रिस्टोअर करावं लागत नाही. फोल्डर जागेवर ठेवला आणि पाथ दिला की जुनी टॅली तो थेट उघडते.

नक्कल सेव्हन-झिपने एका फाइलमध्ये बांधून पासवर्ड लावलेला बरा. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे पॅन, बॅंक खाती, पत्ते असतात. बांधून झाल्यावर त्याच प्रोग्राममधली ‘टेस्ट’ची आज्ञा चालवा. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जाताना अडली तर बहुधा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करा, अर्थात आधी आत काय आहे ते पाहून.

एक काम अजिबात करू नका: चालू डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या जागी ठेवणं. टॅली फाइलमध्ये लिहीत असताना सिंक करणारा प्रोग्राम तीच फाइल वाचायला जातो, आणि अर्धवट प्रत वर चढते किंवा फाइल अडकून पडते. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा न विचारताच वनड्राइव्हला जोडलेले असतात, तेव्हा तिथेही डेटा नको. बांधलेली, बंद झालेली झिप फाइल क्लाउडवर चढवायला काहीच हरकत नाही.

ठेवायचा कुठे

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर, हा नियम जगभर सांगितला जातो. आपल्याकडे त्यातला तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात बाजारपेठेच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. दुकानातला कॉम्प्युटर, टेबलाच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह आणि कपाटातली हार्ड डिस्क हे सगळं एकाच पाण्यात बुडतं. जीएसटीच्या नियम ५७ मध्येही हेच अपेक्षित आहे: अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी काळात त्या परत उभ्या करता येतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवायचा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कायदा आणखी कडक आहे. २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो.

कॉम्प्युटरपासून तोडून ठेवलेली प्रत का हवी, याचं एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विषाणू पसरला. त्याचा उगम होता युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या कर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये. ते अपडेट घेणाऱ्यांमधून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. जीएसटी लागू व्हायला तीन-चार दिवस उरले होते आणि देशभरातले व्यापारी आपापली सॉफ्टवेअरं अपग्रेड करत होते. मर्स्कचे जगभरातले मुख्य सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत असत, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून सुटलेला होता. त्यावरून पुढची उभारणी झाली.

आपल्या पातळीवर याचा अर्थ सरळ आहे. हार्ड डिस्क बॅकअपपुरती जोडा, काम झालं की काढा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूला, दुसरा कॉम्प्युटरच वाटते. एक प्रत घरी, एक क्लाउडवर, एक ऑफिसात. सी ड्राइव्हचा डेटा डी ड्राइव्हवर टाकणं याला प्रत धरू नका. दोन्ही ड्राइव्ह बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे घाई होते. रात्रीचे नऊ वाजलेले असतात, बॅकअप झालेला दिसत असतो, आणि सगळ्यांना घरी जायचं असतं. तरीही थांबा.

दुसऱ्या लॅपटॉपवर आत्ता वापरता तीच जुनी आवृत्ती टाका. लायसन्स नसेल तर एज्युकेशनल मोडमध्ये उघडा. नवी नोंद करायची नाही, अहवाल बघायचे आहेत. ‘रिस्टोअर’ही ऑल्ट-वाय मध्येच मिळतं. त्यात दोन पाथ विचारले जातात: बॅकअप कुठून घ्यायचा आणि कंपनी कुठे उतरवायची. दुसऱ्या पाथसाठी नेहमी नवा, रिकामा फोल्डर द्या. चुकून चालू डेटाचा पाथ दिला तर त्याच क्रमांकाच्या चालू कंपनीवर जुना बॅकअप चढतो आणि मधल्या नोंदी जातात. ही तपासणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करण्याचं मुख्य कारणच ते.

कंपनी उघडली की काळ १ एप्रिल ते ३१ मार्च ठेवा आणि टिपलेले आकडे समोर घ्या. स्टॅटिस्टिक्समधली व्हाउचरची संख्या, ट्रायल बॅलन्सची बेरीज, बॅंक, रोख, स्टॉक. मग अगदी आजचं शेवटचं बिल शोधून उघडा, त्यातल्या वस्तूंच्या ओळी आणि कर बघा. सगळ्या कंपन्यांसाठी हे करा, मोठ्या कंपनीपुरतं नको. आकडे जुळले की फोल्डरच्या नावाशेजारी ‘तपासला’ आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा.

उघडताना डेटा बिघडल्याचा संदेश आला तर दोष बॅकअपचा की मुळातल्या डेटाचाच, हे बघावं लागेल. मूळ डेटा खराब असेल तर त्याच मेनूतल्या ‘रिपेअर’ने तो दुरुस्त होतो, पण ती दुरुस्ती आधी नकलेवर करून पाहा. दुखऱ्या डेटावर मायग्रेशन करू नका.

रंगीत तालीम

आता त्याच लॅपटॉपवर नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. जुनी काढू नका. दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरात सुखाने नांदतात. रिस्टोअर केलेल्या नकलेचीही एक नक्कल करून ती नव्या आवृत्तीत उघडा आणि मायग्रेट होऊ द्या. किती वेळ लागतो ते पाहा, म्हणजे उद्या दुकान किती वाजता उघडू शकेल याचा अंदाज येतो. मायग्रेशनच्या वेळी टॅली स्वतः बॅकअपबद्दल विचारतं. तो जरूर घ्या, पण त्याच डिस्कवर राहणाऱ्या त्या प्रतीवर भिस्त ठेवू नका.

आकडे पुन्हा जुळवा. टीडीएल लावून एक बिल छापून बघा. हे सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशीचं खरं अपग्रेड फारसं रोमांचक उरत नाही.

खऱ्या कॉम्प्युटरवरही तोच क्रम: नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात, डेटाची नक्कल नव्या जागी, मायग्रेशन त्या नकलेवर. मूळ डेटा फोल्डर जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त त्याचं नाव बदला, म्हणजे सवयीने कोणी जुन्या आयकॉनवर क्लिक करून त्यात बिलं टाकणार नाही. हा धोका खरा आहे. दोन टेबलांवर दोन आवृत्त्या चालू राहिल्या की काही बिलं इकडे, काही तिकडे, आणि मग महिनाअखेरीला हाताने एकत्र करणं. जुना शॉर्टकट सगळ्या डेस्कटॉपवरून काढा.

परत फिरायचं तर कधीपर्यंत

मायग्रेशन झाल्यावर पहिलं बिल फाडलं की बॅकअप जुना व्हायला लागतो. दहा बिलांनंतर परत फिरायचं तर ती दहा बिलं पुन्हा घालावी लागतात. दोन दिवसांनंतर परत फिरणं जवळपास अशक्य होतं, निदान कोणाची तयारी राहत नाही.

ई-इन्व्हॉइस काढणाऱ्यांना आणखी जपावं लागतं. नव्या आवृत्तीतून बिल काढलं, पोर्टलवर त्याचा आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक, तयार झाला, आणि मग तुम्ही जुना बॅकअप लावला. तर पोर्टलला ते बिल माहीत आहे आणि तुमच्या टॅलीला नाही. त्याच क्रमांकाने पुन्हा आयआरएन मागितला तर पोर्टल दुबार म्हणून नाकारतं. पोर्टलवर तो रद्द करायची मुदत २४ तासांची आहे, ई-वे बिलाचंही तसंच. रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरताही येत नाही. म्हणून आधीच ठरवा: अपग्रेडच्या दिवशी अमुक वाजेपर्यंत आकडे जुळले, छपाई झाली, सगळ्या टेबलांवर टॅली उघडली, तरच पुढे. तोपर्यंत एकही बिल काढायचं नाही. गिऱ्हाईक आलंच तर माल डिलिव्हरी चलनावर द्या आणि बिल नंतर करा. ठरलेल्या वेळेपर्यंत काम झालं नाही तर चर्चा न करता जुना फोल्डर, जुनी आवृत्ती, आणि अपग्रेड पुढच्या सुट्टीला. हा निर्णय कोण घेणार तेही आधी ठरलेलं असावं. सपोर्टवाला ‘अजून पाच मिनिटं द्या’ म्हणत राहतो आणि त्याचा त्यात दोष नसतो, दुकान त्याचं नाही.

पुढे गेलात तर त्याच संध्याकाळी नव्या आवृत्तीतून नवा बॅकअप घ्या, वेगळ्या फोल्डरात. जुन्यावर चढवू नका.

टॅली नसेल तर

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणाऱ्या ईआरपीत, म्हणजे सगळा व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइली उचलून नेणं चालत नाही, कारण सेवा चालू असताना त्या कुलूपबंद असतात. तिथे डेटाबेसचाच बॅकअप घेण्याची आज्ञा वापरावी लागते. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: नव्या एसक्यूएल सर्व्हरवर घेतलेला बॅकअप जुन्या सर्व्हरवर रिस्टोअर होत नाही. म्हणून डेटाबेसची आवृत्तीही अपग्रेडमध्ये बदलणार असेल तर जुना सर्व्हर काही दिवस तसाच चालू ठेवा. पूर्ण क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर अपग्रेड कधी होणार हे तुमच्या हातात नसतं. मग महिन्यातून एकदा सगळे अहवाल आणि मास्टर एक्सेलमध्ये उतरवून घेणं एवढंच शक्य आहे, आणि ते करावं.

जुने बॅकअप किती वर्षं

जीएसटीच्या कलम ३६ नुसार नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. कंपनी कायद्यात ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे. एखादं अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे अपग्रेडआधीचा हा बॅकअप पुढच्या महिन्यात जागा हवी म्हणून पुसायचा नाही. त्याच फोल्डरात जुन्या आवृत्तीची सेटअप फाइल, टीडीएल, टॅली.आयएनआय आणि पीडीएफ अहवाल ठेवा. व्हॉल्टचा आणि झिपचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, डिस्कपासून वेगळ्या जागी. वर्षातून एकदा, ऑडिटचं काम संपलं की, ती डिस्क जोडून एक कंपनी उघडून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेल्या पेनड्राइव्हवरचा डेटा कालांतराने वाचता येईनासा होऊ शकतो, म्हणून इतक्या लांबच्या साठवणीसाठी हार्ड डिस्क घ्या आणि दर काही वर्षांनी तिच्यावरची प्रत नव्या डिस्कवर उतरवा.